पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. ज्याचा ठावठिकाणा नाही, आज ह्या गावी तर उद्या त्या गावी, अशा माणसाविषयी जरा हेटाळणीनेच ही म्हण वापरली जाते. पण आज जी हकिगत तुम्हांला सांगायची आहे, तीत हे पाठीवरचे बिऱ्हाडच मोठ्या कामाचे ठरले आहे. हे बिऱ्हाड संगणकाचे. संगणक चालायला जे जे लागते, ते सगळे अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये बांधायचे, खिशात टाकायचे, आणि मिळेल त्या यंत्राला लावून तिथे आपला संसार थाटायचा. काम संपले की पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. मूळ यंत्राला पत्ताही लागत नाही की आपल्या घरी कोणी पाहुणा येऊन, स्वतःची चूल मांडून, जेवून गेला.

तुम्ही शिक्षक असाल तर तुमच्या शाळेत एखादी खोली, निदान एखादे कपाट असे असेल, की जिथे जुने संगणक कापड पांघरून बसले आहेत. आमच्या वणीकडे तर धुळीची भर आहेच. एकीकडे कोळशाच्या खाणी, दुसरीकडे राजूरच्या बाजूला चुन्याच्या भट्ट्या, आणि मधून ट्रकांची वर्दळ. ही धूळ यंत्राच्या पंख्यात जाऊन बसते, पंखा अडतो, यंत्र तापते. त्यात वीज मध्येच गेली की आतली तबकडी, जिला हार्ड डिस्क म्हणतात, ती एक दिवस बोलायची बंद होते. मग कोणीतरी येऊन सांगतो, "गुरुजी, हा खराब झाला." आणि कापड पांघरले जाते.

काही यंत्रांचे तर एवढेही बिघडलेले नसते. त्यांवर जी प्रणाली होती तिचे पालनपोषण करणाऱ्या कंपनीने हात काढून घेतलेले असतात. विंडोज एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबली, विंडोज सातची जानेवारी २०२० मध्ये, आणि विंडोज दहाची ऑक्टोबर २०२५ मध्ये. यंत्र तेच, वीज तीच, मुले तीच. पण प्रणाली म्हातारी ठरली म्हणून यंत्रही म्हातारे ठरले. खरे पाहता ते मेलेले नसते. त्याचे बिऱ्हाड तेवढे मोडलेले असते.

आता हे बिऱ्हाड हलवता येते, ही गोष्ट माणसांच्या लक्षात कशी आली, ते पाहू.

संगणक सुरू केला, की त्या क्षणी त्याला काहीच आठवत नसते. झोपेतून उठलेल्या तान्ह्या पोरासारखी त्याची गत. फक्त एका छोट्या चिपमध्ये थोडासा मजकूर कायमचा कोरून ठेवलेला असतो. तो मजकूर एवढेच जाणतो, की अमुक ठिकाणी जा आणि तिथला पहिला तुकडा वाच. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत हा तुकडा अवघ्या ५१२ बाइटांचा, म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढ्या अक्षरांचा. त्याच्या शेवटी एक ठरलेली खूण असते. खूण दिसली की यंत्र म्हणते, बरोबर पत्त्यावर आलो. वेशीवरचा कोतवाल जसा आल्या-गेल्याला पाटलाचे घर दाखवतो, तसा हा तुकडा पुढच्या मोठ्या मजकुराचे घर दाखवतो. तो आणखी मोठ्याचे. आणि अशा रीतीने अख्खी प्रणाली जागी होते. ह्या क्रियेला इंग्रजीत ‘बूट’ होणे म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलणारा माणूस कल्पनेत आणा, म्हणजे शब्द कुठून आला ते कळेल. (शिक्षकांना दुसराही एक बूट आठवत असेल. शासनाच्या योजनेतून शाळांना संगणक आले, ते बांधा-वापरा-हस्तांतर करा अशा पाच वर्षांच्या ठेक्यावर. त्या पद्धतीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चारही बूट असाच होतो. करार संपला, यंत्रे शाळेची झाली, आणि ती शिकवायला नेमलेली माणसे घरी गेली. असो.)

तर सगळ्या हकिगतीची किल्ली इथे आहे. पहिला तुकडा कुठे शोधायचा, हा क्रम बदलता येतो. आधी तबकडीवर पाहा, की आधी सीडीवर पाहा, की आधी पेनड्राइव्हवर पाहा, हे यंत्राच्या मालकाने ठरवायचे असते. तबकडी मेली असली, नव्हे, यंत्रात तबकडीच नसली, तरी दुसऱ्या दारातून प्रणाली आत येऊ शकते.

पण दार उघडे असून भागत नाही. आत यायला कोणी मोकळाही पाहिजे. कंपनीची प्रणाली अशी हवी तशी उचलून, बदलून, गावभर वाटता येत नाही. परवाना आडवा येतो. इथे मला आपल्याच जिल्ह्यातली एक घटना आठवते. लोकनायक बापूजी अणे ह्यांचा जन्म १८८० साली ह्याच वणीत झाला. १९३० च्या जुलै महिन्यात त्यांनी पुसदकडे राखीव जंगलात शिरून गवत कापले आणि कायदा मोडला. गवताची किंमत ती काय? प्रश्न गवताचा नव्हताच. ज्या रानात बापजाद्यांची गुरे चरली, त्या रानाला कुंपण घालून ‘हात लावाल तर खबरदार’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न होता.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थांनी साधारण असाच प्रश्न संगणकाच्या बाबतीत विचारला. तिथल्या प्रयोगशाळांत पूर्वी प्रणालीचा मूळ मजकूर सगळे एकमेकांना देत-घेत, दुरुस्त करत. हळूहळू त्याला कुंपणे पडू लागली. स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ‘ग्नू’ नावाने संपूर्ण मोकळी प्रणाली बांधायची घोषणा केली. तिचा परवाना उलटा होता: वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. पुढच्याच वर्षी त्याने तो ह्याच परवान्याखाली दिला. तो गाभा म्हणजे लिनक्स. तुलना फार ताणू नये. बापूजींना तुरुंग घडला, ह्यांना नाही. पण वाचणारे यवतमाळकर असतील तर त्यांना कुंपणाचा मुद्दा निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता मोकळी प्रणाली हातात आली, तेव्हा ती न बसवता थेट सीडीवरूनच चालवावी, ही कल्पना फार लवकर पुढे आली. १९९२ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातील अ‍ॅडम रिक्टर ह्यांनी ‘इग्ड्रासिल’ नावाचा लिनक्सचा संच सीडीवर काढला. उत्तरेकडच्या देशांच्या पुराणात विश्व तोलून धरणारा जो महावृक्ष आहे, त्याचे हे नाव. हा संच सीडीवरून चालत असे. पण त्या काळची यंत्रे सीडीवरचा पहिला तुकडा वाचायला शिकलेलीच नव्हती, म्हणून आधी फ्लॉपी घालावी लागे. हा अडसर १९९५ साली दूर झाला, जेव्हा सीडीवरून बूट होण्याची एक सर्वमान्य रीत ठरली. तिचे नाव ‘एल तोरितो’, म्हणजे छोटा बैल. ज्या खाणावळीत बसून दोन अभियंत्यांनी ही रीत आखली, तिचेच नाव तिला दिले अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे पोळ्याला हे नाव शोभले असते.

ह्या सगळ्याला खरे रूप दिले ते जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर ह्यांनी, २००० साली. आपली हत्यारे बरोबर न्यायची, पण यंत्र मात्र समोरच्याचे वापरायचे, अशी त्यांची गरज. त्यांनी एका सीडीवर ‘क्नॉपिक्स’ बांधले. सीडीत माल मावतो सातशे मेगाबाइट. त्यांनी त्यात भरला जवळजवळ दोन गिगाबाइटांचा. हे कसे जमले?

वणीच्या माणसाला हे सांगायला जिनिंग-प्रेसिंगचा दाखला पुरे. जिनिंगमधून निघालेली मोकळी रुई खोलीच्या खोली भरून टाकते. तीच प्रेसमध्ये दाबली, की एकशे सत्तर किलोंची गाठ बांधून होते आणि चार गडी तिला ट्रकात चढवतात. क्नॉपर ह्यांनी प्रणालीची अशीच गाठ बांधली. फरक इतकाच, की रुईची गाठ वापरायला पूर्ण फोडावी लागते. ही गाठ फोडावी लागत नाही. ज्या क्षणी जेवढे हवे तेवढेच सूत तीतून उपसून घेता येते, बाकी गाठ जशीच्या तशी. आज ह्या कामासाठी जी रीत सर्वत्र वापरतात तिला ‘स्क्वॉशएफएस’ म्हणतात. ती २००९ साली लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाली.

दुसरी अडचण अशी, की गाठ वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. आणि प्रणाली तर चालताना सारखी काहीबाही लिहीत असते. ह्यावर काढलेली तोड भूगोलाच्या शिक्षकाला लगेच पटेल. छापील नकाशावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवायचा आणि पेन्सिल चालवायची ती कागदावर. वरून पाहणाऱ्याला नकाशा आणि रेघा एकत्र दिसतात. खालचा नकाशा कोराच राहतो. इथे ट्रेसिंग कागद म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती. वीज गेली की कागद फाटला; पुन्हा सुरू केले की नकाशा पहिल्यासारखा स्वच्छ. शाळेच्या दृष्टीने हे वरदानच आहे. दुपारी पोरांनी काय वाटेल तो गोंधळ घालावा, दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र न्हाऊनमाखून बसलेले.

क्नॉपर ह्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या पत्नी एड्रियान ह्यांना दृष्टी नाही. त्यांच्या मदतीने त्यांनी पुढे ह्याच बिऱ्हाडात एक बोलणारी मांडणी बसवली, अंध माणसाला पडदा न पाहता काम करता येईल अशी. तिला नावही एड्रियान असेच दिले.

हे सारे परदेशात चालले असताना आपल्याकडे काय होते? आपल्याकडे इंटरनेट होते ते टेलिफोनच्या तारेवरचे, मुंग्यांच्या चालीने येणारे. एवढी प्रणाली त्यातून उतरवून घेणे लहान गावच्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते. तिथे कामाला आले मासिक. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ ह्या इंग्रजी मासिकाने आपल्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटली आणि पुढे वर्षानुवर्षे वाटत राहिले. ह्या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. वडील भारतीय, आई जर्मन, जन्म बर्लिनचा, पण अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्या बेळगावात गोगटे महाविद्यालयात. पुढे बंगळूरला राहून त्यांनी मुक्त प्रणालीची मोठमोठी संमेलने भरवली. २०१३ साली, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले. स्टेशनच्या बुकस्टॉलवर अंकाची वाट पाहणारी, सीडी मित्रांत फिरवणारी, तिच्यावर ओरखडा पडला म्हणून हळहळणारी एक पिढी त्या काळी लहान-लहान गावांतून तयार झाली. ह्या पिढीचा इतिहास कोणी नीट लिहिलेला नाही, आणि तो लिहायला हवा.

प्रणाली आली, पण ती इंग्रजी बोलत होती. मुंबईत २००० च्या सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी ह्यांनी ‘इंडलिनक्स’ नावाचा प्रकल्प मांडला. गोराप्रमाणे राबणारे तांत्रिक काम जी. करुणाकर ह्यांनी उचलले. लिनक्सने भारतीय भाषांत बोलावे, हा हेतू. पडद्यावरच्या हजारो ओळी एकेक करून भाषांतरायच्या, तेही बिनपगारी. ‘फाइल’ला काय म्हणावे, ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’, ह्यावर वाद घालायचे. पुण्यात रेड हॅट कंपनीत मराठी माणसे ह्या कामाला लागली. तिकडूनच २००४ साली ‘लोहित’ हे मुक्त टंक बाहेर आले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीला दिलेले हे आपल्या मातीतले नाव.

टंक म्हणजे पडद्यावरचा अक्षरांचा छाप. हा विषय किरकोळ समजू नका. मराठीची काही अक्षरवळणे हिंदीहून वेगळी आहेत. आपला ल, आपला श पाहा. त्याहून अवघड म्हणजे आपला आडवा र. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ह्यांत एका रेघेचा फरक; पण पहिला गुरू आणि दुसरा स्वयंपाकी! बरेच दिवस संगणकाला हा फरक धड दाखवता येत नसे. ‘दऱ्या’ लिहायला जावे तर र तुटून पडे, नाहीतर डोक्यावर रफार चढून बसे. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्र केंद्रात र. कृ. जोशी ह्यांच्यासारखा सुलेखनाचा थोर जाणकार ह्याच कामात गुंतला होता. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक त्यांच्याच हातचा. २००८ साली ते वारले. तुमच्यापुढे कोणी मराठी प्रणाली म्हणून काही ठेवले, तर आधी ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ लिहून पाहा. दोन्ही नीट उमटले, तर पुढचे बोलणे.

ह्याच सुमारास पेनड्राइव्ह अवतरला. तोही २००० सालचाच. पहिल्या पेनड्राइव्हांत जागा होती आठ मेगाबाइट. म्हणजे आज तुम्ही फोनवर काढता तसे दोन-तीन फोटो. पण त्यात फिरणारा भाग नाही, ओरखडा पडत नाही, धूळ बसली तर फुंकर मारली की झाले. जागा वाढत गेली आणि सीडीवरचे बिऱ्हाड हळूहळू इकडे आले. सुरुवातीला कटकट होती. सीडीचा साचा आणि पेनड्राइव्हचा साचा निराळा, म्हणून एकासाठी बांधलेले दुसऱ्यावर उठत नसे. २००८ साली पीटर अ‍ॅनव्हिन ह्यांच्या ‘सिसलिनक्स’ ह्या बूट-साधनात अशी युक्ती आली, की एकच साचा दोन्हीकडे चालावा. तेव्हापासून साचा जसाच्या तसा पेनड्राइव्हवर उतरवला की काम झाले.

आता महाराष्ट्रातल्या एका शाळेकडे वळतो. रायगड जिल्ह्यात कर्जतकडे खैराट नावाची धनगरवाडी आहे. शाळा एका शिक्षकाची, वर्ग पहिली ते चौथी, मुले वीस-बावीस. २००७ च्या ऑक्टोबरात ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ ह्या अमेरिकेतल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग इथे सुरू झाला. हिरवी-पांढरी, खेळण्यासारखी यंत्रे. आत लिनक्स, आणि त्यावर ‘शुगर’ नावाची मुलांसाठी खास केलेली मांडणी. मुले ती घरी नेत, फोटो काढत, चित्रे रंगवत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनीही ह्या शाळेकडे लक्ष पुरवले. पण यंत्राची किंमत शंभर डॉलर व्हायची होती, ती दोनशेच्या घरात गेली. ज्या देशात लाखो शाळा, तिथे हा हिशेब बसणार कसा?

शुगर बांधणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला असावा. वॉल्टर बेंडर ह्यांनी २००८ साली शुगरचे काम यंत्रापासून वेगळे केले, आणि जून २००९ मध्ये ‘शुगर ऑन अ स्टिक’, म्हणजे पेनड्राइव्हवरची शुगर, बाहेर आली. एका गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर तीच सगळी मांडणी. यंत्र कोणाचेही असो, कितीही जुने असो. पहिल्या आवृत्तीचे नाव स्ट्रॉबेरी. आणि २०१० च्या आवृत्तीचे नाव, ऐका, ‘मँगो लस्सी’!

माझ्या मते ह्या योजनेतला खरा शहाणपणा इथे होता, पहिल्या यंत्रात नव्हता. शाळेत पाच यंत्रे आणि चाळीस मुले असली तर यंत्र मुलाचे होऊ शकत नाही. पण पेनड्राइव्ह होऊ शकतो. पाळी आली की मूल आपले बिऱ्हाड लावते, कालचे अर्धे चित्र तिथेच सापडते, पाळी संपली की दप्तरात. म्हणजे बाक सगळ्यांचा आणि पाटी ज्याची त्याची, ही आपली जुनीच रीत.

आपल्या देशातही असे बांधलेले संच आहेत. चेन्नईच्या सी-डॅक केंद्राने २००७ साली ‘बॉस’ काढला. त्यात मराठी आहे, आणि शाळांसाठी ‘एज्युबॉस’ ही निराळी आवृत्तीही निघाली. ज्याला फार खटपट नको, त्याने तिथून सुरुवात करावी. परंतु दुसऱ्याने बांधलेल्या शिदोरीत आपल्याला हवी ती भाजी असेलच असे नाही. म्हणून स्वतः कसे बांधतात, तेही सांगतो. एकट्याने न करता दोन-तीन शिक्षकांनी, एखाद्या महाविद्यालयातल्या जाणत्या मुलाला हाताशी धरून करावे.

पाया म्हणून डेबियन घ्या. १९९३ पासून हजारो स्वयंसेवकांनी चालवलेला हा लिनक्सचा संच आहे. त्यात ‘लाइव्ह-बिल्ड’ नावाचे साधन मिळते. तुम्ही त्याला एक यादी द्यायची, किराणा दुकानदाराला देतो तशी. यादीत काय घालाल? लोहितचा मराठी टंक. मराठी टंकलेखनाची सोय. लिबरऑफिस आणि त्याची मराठी मांडणी. लहानग्यांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट. टक्स पेंटमध्ये मराठी आहे. भूमितीसाठी जिओजेब्रा. आणि किविक्स अवश्य घाला. त्यात मराठी विकिपीडिया, जो २००३ च्या महाराष्ट्रदिनी सुरू झाला, तो अख्खा इंटरनेटशिवाय वाचता येतो. ज्या गावी फोनला टॉवर पकडायला गच्चीवर जावे लागते, तिथल्या मुलांना ह्याचे मोल जास्त. हल्लीच्या यंत्रांवरच चालवायचे असेल तर सध्याचा डेबियन घ्या. पण तुमच्या कपाटातली यंत्रे ३२ बिटांच्या जुन्या जातीची असली, तर २०२३ सालचा डेबियन १२ घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्या जातीच्या यंत्रांसाठी बसवण्याचा संच देणे बंद केले आहे. कुंपण नसलेल्या रानातही जुन्या वाटा बुजतात, हे सांगून टाकलेले बरे.

यादी दिली की साधन आपल्या कामाला लागते: सामान आणते, एका वेगळ्या खोलीत मांडते, गाठ दाबते, बूट होण्याचा तुकडा पुढे लावते आणि शेवटी एकच मोठी फाइल, म्हणजे साचा, हाती देते. नेट हळू असेल तर ह्यात सकाळची दुपार होईल. साचा तयार झाला की त्याचा काटा करा. म्हणजे असे, की त्या फाइलवरून ‘शा-२५६’ नावाच्या रीतीने एक लांबलचक आकडा निघतो. दुसऱ्या शाळेत साचा नेलात तर तिथेही तो आकडा काढून पाहावा. बाजार समितीत निघताना आणि पोचल्यावर गाडीचे वजन जुळवतात, तसेच हे. एक अक्षर जरी वाटेत सांडले असेल तरी आकडा जुळणार नाही.

मग साचा पेनड्राइव्हवर उतरवायचा. आठ गिगाबाइटांचा पेनड्राइव्ह पुरतो, सोळाचा असेल तर उत्तम. इथे मात्र जपून. उतरवण्याची जी जुनी आज्ञा आहे, ‘डीडी’, ती विचारत-पुसत नाही. जे नाव दिले त्यावर सरळ नांगर फिरवते. बांध न ओळखता शेजाऱ्याच्या उभ्या पिकात नांगर घातल्यासारखे तुमच्या चालू यंत्राची तबकडी पुसली जाईल. म्हणून पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा यादी पाहावी; नव्याने जे नाव दिसेल ते पेनड्राइव्हचे. त्या पेनड्राइव्हवर आधी जे काही असेल ते सगळे जाईल, हेही ध्यानात असू द्या. लग्नाचे फोटो त्यात ठेवलेला पेनड्राइव्ह शाळेला देऊ नये.

उरलेल्या जागेत ‘पर्सिस्टन्स’ नावाचा एक कप्पा पाडता येतो. मघाचा ट्रेसिंग कागद फाटून न जाता ह्या कप्प्यात जपला जातो, म्हणजे मुलाचे काल अर्धे राहिलेले काम आज सापडते. मात्र काम चालू असताना पेनड्राइव्ह उपटला तर हाच कप्पा आधी बिघडतो. मुलांना पहिल्याच तासाला शिकवायचे ते हे.

शेवटी यंत्र सुरू करताना एफ-१२, कुठे एफ-९, कुठे एस्केप, अशी एखादी कळ दाबली की कोणत्या दारातून यायचे ते यंत्र विचारते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो. तो अनोळखी पाहुण्याला अडवतो. डेबियनची त्याच्याशी ओळख आहे, तरी अडलेच तर सेटिंगमध्ये जाऊन त्याला सुट्टी देता येते. शाळेच्या यंत्रावर हे मुख्याध्यापकांना विचारून करावे. फार जुन्या काही यंत्रांना पेनड्राइव्हचे दार ठाऊकच नसते, त्यांच्यासाठी सीडीच.

यंत्र थोडे सावकाश चालेल. पेनड्राइव्ह तबकडीइतका चपळ नसतो, आणि स्वस्तातला तर लवकर झिजतो. हे सगळे खरे. पण एकदा साचा बांधला, की त्याच्या हव्या तितक्या प्रती काढा. शेजारच्या शाळेला द्या, मारेगाव-झरीच्या गुरुजींना द्या, सुट्टीवर आलेल्या विद्यार्थ्याला द्या. कोणाचा परवाना मोडत नाही, की कोणाची चोरी होत नाही. प्रत्येक पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून साल आणि शाळेचे नाव लिहा. आणि एक प्रत कोणालाच न देता कपाटात कुलपात ठेवा, कारण फिरणाऱ्या प्रतींतली एक तरी वर्षाच्या आत कोणाच्या तरी खिशातून धुलाईला जातेच.